गिधाडांचा ऱ्हास आणि सजीवसृष्टीचे स्तर

सजीवसृष्टीचा अभ्यास करताना परिस्थितिकीशास्त्र तिची चढत्या स्तरांत मांडणी करते. एकटा जीव हा पहिला स्तर. एका प्रदेशातील एकाच जातीच्या जीवांची मिळून समष्टी होते आणि अनेक जातींच्या समष्टींचा जीवसमुदाय बनतो. माती, पाणी, हवा यांसह हा समुदाय म्हणजे परिसंस्था, तर पृथ्वीवरील सर्व परिसंस्थांना सामावणारे ते जीवावरण. एका स्तरावरील बिघाड वरच्या स्तरांवर कसा पोहोचतो, हे भारतातील गिधाडांच्या ऱ्हासातून स्पष्ट होते.

गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या शरीरात जाते. त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि पक्षी काही दिवसांतच मरतो. हा एका जीवावरील परिणाम झाला.

जन्मदर आणि मृत्युदर ही मात्र समष्टीची लक्षणे आहेत. ती एका पक्ष्यात दिसत नाहीत. गिधाडाची मादी वर्षाला साधारणतः एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे मृत्यूंची भरपाई होऊ शकली नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली.

जीवसमुदायात गिधाडांची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली आणि रेबीजचा धोका वाढला. परिसंस्थेत मृत जनावरांची जलद विल्हेवाट लावणारी व्यवस्था खिळखिळी झाली. मुंबईतील पारशी समाजाच्या परंपरागत अंत्यविधीलाही त्याची झळ पोहोचली.

उपाययोजनाही एकाच स्तरावर करून भागत नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर करण्यात आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालण्यात आली. दुसरीकडे, हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांचे प्रजनन केले जाते.

प्रजनन केंद्र समष्टीची संख्या वाढवू शकते. परंतु तेथून मुक्त केलेले गिधाड जगेल की नाही, हे अखेर त्याला मिळणाऱ्या मृत जनावराच्या शरीरात कोणते औषध आहे यावर ठरते.