एकच कॉलम, दोन मॉडेलं
रेव्हिटमध्ये आर्किटेक्ट कॉलम काढतो तेव्हा त्याला जाडी, गिलावा, बाहेरची कड महत्त्वाची. ईटॅब्समध्ये इंजिनिअरला तोच कॉलम म्हणजे एक रेघ. बीमची रेघ तिला नेमकी एका बिंदूत मिळायला हवी. दोन्हींमधला पूल म्हणजे आयएफसी हा खुला फॉरमॅट. २०१३ साली तो आयएसओ १६७३९ हे मानक झाला. आर्किटेक्टच्या मॉडेलमधून तो कॉलमचं माप, जागा, मटेरियल आणतो. पण रेघा जुळल्यात का, हे आपणच बघायचं. बीम कॉलमच्या रेघेच्या दहा सेंटीमीटर अलीकडे थांबला, तर चित्रात तो टेकलेला दिसतो, हिशेबात मात्र त्याचा भार कॉलमवर उतरतच नाही. म्हणून आपण आधी सांधे तपासू, मगच गणित चालवू.