खाचरे कोणाची, वारसा कोणाचा?

फिलिपिन्समध्ये लुझोन बेटाच्या उत्तरेस इफुगाओ आदिवासींनी डोंगर खणून, दगडमातीच्या ताली रचून भातखाचरे केली. १९९५ साली युनेस्कोने त्यांतील काही जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. मला या कौतुकाची थोडी धास्तीच वाटते. वारसा म्हटला की दगड दिसतो. तो वाहणारा दिसत नाही.

ही खाचरे दोन हजार वर्षांची, असे अमेरिकन अमदानीत बेयर आणि बार्टन यांनी सांगितले. उत्खननाचा आधार त्याला नव्हता. अलीकडे स्टीफन अकाबाडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कियांगान येथे उत्खनन केले. त्यांच्या मते तेथे आधी अळू पिके. स्पॅनिश सत्ता खोऱ्यात शिरू लागली तसे लोक डोंगरात सरकले आणि पाण्यातले भात गेल्या सुमारे चारशे वर्षांत फैलावले. सर्वांना हे पटलेले नाही. वय घटले की मान घटतो, अशी समजूत त्यामागे असावी. जुने म्हणून पवित्र, हा युक्तिवाद आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे! परसत्तेला शरण न जाता काही पिढ्यांत डोंगराचे रूप पालटणारी माणसे मला अधिक मोठी वाटतात.

खाचरांच्या वर मुयोंग नावाचे राखलेले रान असते. ते पाणी धरते. पाटांतून ते पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरते. वरच्याने ताल सांभाळली नाही तर खालच्याचे शेत जाते. ‘तिनावन’ हे देशी भात वर्षातून एकदाच येते. एवढ्यासाठी सगळ्या गावाचा मेळ लागतो.

पण म्हणून तेथे समता नांदत होती असे नव्हे. खाचरांचे मोठे मालक ते कदांग्यान. ज्यांना खाचर नाही ते दुसऱ्याच्या चिखलात राबणारे. परंपरेने खाचरांचा मोठा वाटा थोरल्या अपत्याचा, मग मुलगा असो वा मुलगी. कापणी करताना बायका हुडहुड गातात. २००१ साली युनेस्कोने त्या गाण्यांचाही गौरव केला. त्यांतले नायक-नायिका मात्र बहुधा कदांग्यानच! वाकून कापणारीने कोणाची थोरवी गावी, हा प्रश्न गौरवपत्रात कोठून येणार?

त्याच २००१ साली ही खाचरे धोक्यातील वारशांच्या यादीत गेली आणि २०१२ मध्ये बाहेर आली. ताली ढासळत होत्या, तरुण बागिओ-मनिलाकडे जात होते, आजही जातात. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याचा उदोउदो नाकारला, तो येथे आठवतो. शिकून बाहेर पडणाऱ्या धाकट्या मुलाला मी दोष देणार नाही.

तरीही पाणी उतरविण्याचे, कोरडा दगड रचण्याचे ते ज्ञान जावे असे मला वाटत नाही. ते राबणाऱ्यांनी कमावलेले आहे. मग ढासळलेली ताल पुन्हा रचण्याची मजुरी कोणी द्यावयाची? आणि रचणाऱ्याचे नाव त्या खाचरावर लागणार की नाही?