मशीन आवाजावर चालेल, पण कानाचे काय?

आरोग्य शिबिरात यंत्रमागावरच्या एका पोराने आम्हाला विचारले, "ताई, आता बोलून मशीन चालते म्हणे. आमच्याकडे येईल का?" येईलही. मोठ्या गोदामांत हेडसेट लावून, तोंडाने आकडे सांगत माल काढण्याची पद्धत बरीच वर्षे चालू आहे. पण गोदाम वेगळे आणि मागाची शेड वेगळी. शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. तिथे माणूस माणसाशी खुणेने बोलतो, मशीन काय ऐकणार?

म्हणून माइक अगदी ओठांजवळ देतात, ठरावीक चार-पाचच शब्द ठेवतात. तरी गोंगाटात माणूस नकळत ओरडतो. फ्रान्सचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी हे 1911 मध्येच दाखवले होते. ओरडल्यावर आवाजाची पट्टी चढते, शब्द ताणले जातात, मशीन चुकते. मग माणूस अजून ओरडतो. पाळी सुटेपर्यंत घसा बसलेला! (तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर घसा तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.)

मशीन थांबवायचे काम मात्र आवाजावर सोडू नका. हात अडकला की तोंडातून "थांब" निघत नाही, किंकाळी निघते. पिवळ्यावरचे लाल बटण हाताशी हवेच. ते काढले किंवा झाकले असेल तर सगळ्यांनी मिळून विचारा.

आणि साधा हेडसेट म्हणजे कानाचे संरक्षण नव्हे. उलट सूचना ऐकू यावी म्हणून त्याचाच आवाज वाढवला जातो. आपल्याकडे मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल. 95 असेल तर 4 तास, 100 असेल तर 2 तास. आपली माणसे बारा-बारा तास उभी असतात. आत गोंगाट अडवणारे इअरमफ असलेलाच हेडसेट मागा, नाहीतर इअरप्लग.

घरच्यांनो, "ऐकून न ऐकल्यासारखं करतात" म्हणून भांडू नका. टीव्ही मोठा लागतो, कानात शिट्टी वाजते, 'स' आणि 'श' नीट कळत नाहीत, ही सुरुवात आहे. गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. गोंगाटाने आलेला बहिरेपणा ई.एस.आय.च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. कार्ड घेऊन जा, कानाची ऑडिओमेट्री मागा. तपासणी सुट्टीनंतर, पाळीवर जाण्याआधी करा. पाळीवरून थेट गेलात तर कान सुन्न असतात, आकडा चुकतो.