ताप आला तरी इन्सुलिन थांबवू नका

आपल्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि आज तापामुळे त्याने घासही घेतलेला नाही. ‘जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ हा विचार मायेपोटी येतो. पण तो जिवावर बेतू शकतो. आजारपणात शरीर स्वतःच रक्तातील साखर वाढवते. इन्सुलिन नसेल, तर चरबी जळून कीटोन साचतात आणि रक्तातील आम्लता वाढते. म्हणून इन्सुलिन पूर्णपणे कधीही बंद करू नये. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. दर २-३ तासांनी साखर तपासावी, लघवीतील कीटोन पाहावेत, घोट घोट पाणी पाजत राहावे. उलट्या थांबत नसतील, धाप लागत असेल किंवा मूल गुंगीत जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.