चार दिवस, सोळा मिनिटं आणि एक कोंबडा

शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने २०२४ ची ही गोष्ट वाचावी. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दूरचित्रवाणी विभागाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्या चिदानंद नाईक यांच्या 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाला कान महोत्सवात, जगभरच्या विद्यार्थी चित्रपटांच्या 'ला सिनेफ' स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. चित्रीकरणाला मिळाले फक्त चार दिवस!

कथा लोककथेतली. म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि सूर्य उगवेनासा होतो. आपल्याकडे कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथे मात्र राहतं. म्हणजे पडद्यावर सगळा अंधारच. अंधार दिसावा म्हणून प्रकाश कुठून, किती द्यायचा, हे दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराला आधी कागदावर ठरवावं लागतं. सेटवर वाद घालायला वेळ नसतो. माझ्या मते शॉर्टफिल्म शिकवते ती हीच शिस्त.

दुसरा धडा आवाजाचा. हलणारं चित्र प्रेक्षक एकवेळ चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून अर्धा-एक मिनिट नुसती तिथली शांतता रेकॉर्ड करतात, तिला 'रूम टोन' म्हणतात. संकलनात दोन संवादांमधली फट तिनेच बुजते.

बाकी कॅमेरा मोबाइलचाही चालतो. सुट्टीत चार मित्र जमवा, पाच मिनिटांची गोष्ट लिहा आणि रूम टोन घ्यायला विसरू नका!