हातातील चक्र आणि घरधन्याचे कर्तव्य

खंडेनवमीस हत्यारांची पूजा करण्याचा प्रघात आपल्या घरांतून अद्यापि टिकून आहे. आमच्या मुलुंडच्या घरी त्या दिवशी विळी, अडकित्ता, हातोडी व शिवणाचे यंत्र यांच्या शेजारी गेली काही वर्षे आणखी एक हत्यार पाटावर बसते. ते म्हणजे विजेवर चालणारा, हातात धरावयाचा लहान ग्राइंडर. त्यास हळदकुंकू वाहताना आमचा हात क्षणभर थबकतो. त्याचे कारण वाचकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका मे महिन्यात आमच्या गॅलरीचे गंजलेले ग्रिल कापून काढावयाचे होते. कामास आलेला कारागीर अवघ्या बावीस वर्षांचा. पायांत चपला, डोळे उघडे, आणि यंत्रावरील लोखंडी कव्हर काढून टाकलेले. हे सर्व आम्ही पाहिले; परंतु चार वाजता पाहुणे यावयाचे होते, म्हणून बोललो ते इतकेच, ''अरे बाबा, जरा लवकर आटप.'' दहा मिनिटांत चकती गजात अडकली व फुटली. एक तुकडा भिंतीच्या गिलाव्यात रुतला, दुसऱ्याने त्या मुलाची भुवई फाडली. डोळा थोडक्यात बचावला. टाके घालून झाल्यावर आम्ही त्यास विचारले, ''कव्हर का काढलेस?'' तो शांतपणे म्हणाला, ''आजोबा, कव्हर असलं की कोपऱ्यात जात नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना, लवकर आटप.''

चाळीस वर्षे मुलांस प्रश्न विचारण्यात घालविलेल्या आम्हांस या उत्तरापुढे बोलावयास काही उरले नाही.

त्या रात्री आम्ही पाटीवरचा हिशेब केला. शंभर मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर. असे यंत्र मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. म्हणजे चकतीची कड मिनिटात जवळजवळ ३,४५० मीटर, किंवा तासास २०७ किलोमीटर धावते! हा वेग आपल्या फास्ट लोकलच्या दुपटीहून कमी नाही. चकती फुटली की तिचा तुकडा त्याच वेगाने स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. दारावर येणारा धारवाला पायाने चाक फिरवितो, ते सावरणे त्याच्या पायात असते. येथे सावरण्यास अवधीच नाही. भगवंताचे सुदर्शन काम करून त्याच्या बोटावर परत येई, असे पुराणे सांगतात. आपले हे चक्रही अडकले म्हणजे उसळून परत येते, पण ते कोठे यावे हे आपल्या हाती नसते.

म्हणून कव्हर हे यंत्राचे भूषण नव्हे, ते त्याचे कवच आहे. त्याची बंद बाजू नेहमी आपल्याकडे असावी. बाजूची मूठ लावून यंत्र दोन्ही हातांनी धरावे आणि चकती ज्या रेषेत फिरते त्या रेषेत स्वतः उभे राहू नये, मुलांस तर मुळीच उभे राहू देऊ नये. चकतीवर फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. ती यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये. लाकूड कापावयाचे दातेरी पाते लोखंडाच्या यंत्रास बसविण्याची चाल फार दिसते. असे पाते लाकडात अडकताच यंत्र हातातून उसळते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही छापलेली असते, तीही वाचावी. कापावयाच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नये. चकती बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. बटण बंद केल्यावरही चकती काही वेळ फिरत राहते, तोवर यंत्र खाली ठेवू नये. नवी चकती बसविली की कोणी समोर नसताना ती मिनिटभर मोकळी फिरवून पाहावी.

पदर, ओढणी, मोकळे केस, गळ्यातील साखळी, इतकेच नव्हे तर सदऱ्याबाहेर आलेले जानवेही या चक्रापासून दूर असावे. नेहमीचा चष्मा पुरत नाही. बाजूंनी झाकणारा संरक्षक चष्माच हवा. ठिणग्यांच्या वाटेत गॅसचा सिलिंडर किंवा रंगाचा थिनर नसावा.

डोळ्यास दिसणाऱ्या ठिणगीहून न दिसणारी धूळ अधिक कपटी. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते; तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसले की सिलिकोसिस हा रोग जडतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. ओट्यासाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्‌झ दगड घेतात, त्यात सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंतही असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या फरशांचा वापरच बंद केला. नाकास बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. एन-९५ प्रतीचा मुखपट्टा हवा. दगड शक्यतो दुकानातूनच मापाने कापून आणवावा. घरीच कापणे भाग पडल्यास पाणी सोडून कापण्यासाठी केलेलेच यंत्र वापरावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या डोळ्यांचे रक्षण कारखानदाराच्या शिरावर घातले. परंतु अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत निरीक्षक जाऊ शकतो, तो आपल्या गॅलरीत कसा येणार? बोरीवलीपासून घाटकोपरपर्यंत घरोघरी दुरुस्त्या चालू असतात. तेथे निरीक्षक कोणी असेल तर तो घरधनीच. कारागिरास चहा विचारणारे आपण, ''कव्हर कोठे आहे?'' एवढे विचारण्यास का संकोचतो?

पुढे आमच्या चिरंजीवांनी घरासाठी हा ग्राइंडर आणला, तेव्हा आम्ही एकच अट घातली. दोन संरक्षक चष्मे त्याच पेटीत राहतील; एक घरच्यासाठी, दुसरा कामास येईल त्याच्यासाठी. गेल्या वर्षी तोच मुलगा दाराची कडी बसविण्यास आला. आम्ही चष्मा पुढे केला, तो त्याने हसून घातला. भुवईवरचा व्रण काचेमागे स्पष्ट दिसत होता. ''सावकाश कर,'' आम्ही म्हणालो, ''आज कोणी यावयाचे नाही.''