गियरपेटीचा आवाज व तिच्या तेलाचा बदल

मोटारीच्या नित्याच्या घरघरीकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. परंतु तींत एखादा नवा आवाज मिसळला कीं, ज्याचें पोट त्या गाडीवर भरतें त्याच्या काळजांत चर्र होतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं असेंच झालें. वडील ज्या जुन्या व्हॅनमधून भाजी बाजारांत नेतात, तिच्या गियरपेटींतून घुमल्यासारखा आवाज येऊं लागला. एका गॅरेजांत दाखवितांच 'सबंध पेटी बदलावी लागेल' असा निकाल मिळाला, आणि खर्चाचा आंकडा ऐकून वडील मुकाट्यानें घरीं परतले. निकाल देणाऱ्यानें गाडी एकदांही चालवून पाहिली नव्हती, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानांत राहिली. पुढें जें आम्ही शिकलों तें येथें सांगतों. कारण आवाज केव्हां येतो व केव्हां थांबतो एवढें नीट पाहिलें, तर पेटी न उघडतां दुखणें पुष्कळ अंशीं कळतें.

त्यासाठीं पेटीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. मागच्या चाकांना गति देणाऱ्या जुन्या गाड्यांत (पद्मिनी व अँबेसडर त्याच जातीच्या) पेटींत मुख्यतः तीन दांडे असतात. इंजिनाची गति क्लचमधून पहिल्या दांड्यावर येते. तो इनपुट शाफ्ट. त्याच्या दांतेरी चाकानें खालचा दांडा सतत फिरत राहतो; तो ले-शाफ्ट. त्याच्यावरून गति तिसऱ्या, म्हणजे मुख्य दांड्यावर व तेथून चाकांकडे जाते. पहिल्या तीन गियरांत सर्व जोर असा ले-शाफ्टवरून वळसा घेऊन जातो. चौथ्यांत मात्र अशा गाड्यांत बहुधा पहिला व तिसरा दांडा सरळ एकमेकांस जोडले जातात. ले-शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत रचना निराळी असून चौथ्या गियराची ही खूण त्यांस लागू पडत नाहीं.

आतां आवाजाकडे वळूं. गाडी उभी, इंजिन चालूं, गियर न्यूट्रलमध्यें व क्लचवर पाय नाहीं, अशा स्थितींत आवाज येत असेल आणि क्लच दाबतांच थांबत असेल, तर दोष इनपुट शाफ्टच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगांत शोधावा. क्लच दाबल्यावर हे दोन्ही दांडे थांबतात. याच्या उलट, क्लच दाबला कींच आवाज सुरू होत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. तें पेटीच्या तेलाबाहेर असल्यामुळें कितीही उत्तम तेल घातलें तरी त्याचा उपयोग शून्य. चालत्या गाडींत एकाच गियरांत आवाज येत असेल तर त्या जोडीचे दांत झिजले असावेत. गाडी उतारावर न्यूट्रलमध्यें सोडली असतांही वेगाबरोबर आवाज वाढत असेल (हा प्रयोग मोकळ्या, सौम्य उतारावर आणि इंजिन चालूं ठेवूनच करावा), तर मुख्य दांड्याचें मागचें बेअरिंग, डिफरन्शियल किंवा एखाद्या चाकाचें बेअरिंग यांचा संशय घ्यावा.

गियर टाकतांना होणारी खरखर हें निराळें प्रकरण आहे. तिचें कारण झिजलेलें सिंक्रोमेशचें कडें तरी असतें, किंवा पुरता न सुटणारा क्लच तरी. क्लच दाबून चार-पांच सेकंद थांबावें व मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखरला तर आधीं क्लचकडे पाहावें. (सिंक्रोमेश १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींतून प्रथम आलें, तत्पूर्वीं प्रत्येक चालकास दोनदां क्लच दाबून गियर जुळवावा लागे.) रिव्हर्समध्यें येणारा 'कुंईं' असा सूर ऐकून घाबरूं नये. पुढच्या गियरांचे दांत तिरपे असतात, म्हणून ते शांतपणें भिडतात; रिव्हर्सचे बहुधा सरळ असतात व ते ओरडतातच.

आमच्या व्हॅनचा आवाज पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्यांत येई, आणि चौथ्यांत जवळजवळ नाहींसा होई. सुज्ञ वाचकांनीं बोट कोठें ठेवावें हें ओळखलेंच असेल. तरीही प्रथम तेल पाहावयाचें ठरलें. कारण बहुतेक पेट्यांत तेल चढविणारा पंप नसतो, फिरणारीं चाकेंच तें उडवून सर्वत्र पोहोंचवितात. पातळी उतरली कीं बेअरिंगें कोरडीं पडूं लागतात.

तेल कोणतें, हें गाडीच्या पुस्तकांत पाहूनच ठरवावें. गियर ऑइलचा ९० हा आंकडा पाहून तें फार दाट असेल असें वाटतें. परंतु त्याचें माप निराळें असून इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरी तेलाइतकाच त्याचा दाटपणा असतो. खरी चूक होते ती जी.एल. ४ व जी.एल. ५ यांत. पांच नंबरींत गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यें अधिक असतात. मागच्या डिफरन्शियलला तीं हवींत, पण सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना तीं बाधण्याचा संभव असतो. 'पांच म्हणजे चारपेक्षां सरस' हा दुकानदाराचा हिशेब येथें चालत नाहीं.

गाडी दहा-पंधरा मिनिटें चालवून आणावी, म्हणजे तेल कोमट होऊन लवकर वाहतें. मग सपाट जागीं चार भक्कम लोखंडी स्टँडांवर ती सारखी उचलून घ्यावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही, विशेषतः विद्यार्थ्यांनीं, कदापि शिरूं नये. वडील माणूस जवळ असल्याखेरीज हें काम हातीं घेऊंच नये. यानंतर प्रथम वरचा, म्हणजे तेल भरावयाचा बोल्ट सोडवावा. आम्हीं नेमकें उलट केलें! खालचा बोल्ट काढून तेल सोडून दिलें, आणि वरचा कांहीं केल्या हलेना. गंजून बसलेल्या त्या बोल्टापायीं व्हॅन दोन दिवस अंगणांत पडून राहिली व आठवड्याचा बाजार बुडाला. अखेर गंज सुटण्याचें तेल रात्रभर मुरवून योग्य मापाच्या पान्यानें तो निघाला.

घमेल्यांत पडलेलें तेल अर्धा लिटरही नव्हतें. लहान गाडींत सुमारें एक ते अडीच लिटर तेल मावतें, त्या मानानें पेटी जवळजवळ उपाशीच चालत होती. मागच्या सीलमधून तें झिरपून गेलें होतें. खालच्या बोल्टाला पुष्कळदां लोहचुंबक असतो. त्यावर करड्या लोण्यासारखा मऊ कीस दिसला तर ती साधी झीज होय. आमच्या बोल्टावर मात्र नखाला टोंचतील असे चकचकीत कपचे होते.

तेल अर्धा तास निथळूं देऊन नव्या वायसरासह खालचा बोल्ट बसवावा. पेटी ॲल्युमिनियमची असल्यास फार जोर करूं नये, आटे जातात. नंतर नरसाळें व रबरी नळी लावून वरच्या भोकांतून तेल ओतावें. तें भोकाच्या कांठावरून ओघळूं लागलें कीं पातळी पुरी झाली असें समजावें.

नव्या तेलानें आवाज आठवडाभर उतरला व पुन्हां पहिल्यासारखा झाला. झिजलेलें पोलाद तेलानें भरून येत नाहीं! पण आतां वडिलांच्या हातांत दोष कोठें आहे याचा पुरावा होता. दुसऱ्या एका मिस्त्रीनें त्यांचें सर्व ऐकून घेतलें, गाडी चालवून पाहिली व पेटी उघडली. दांतेरी चाकें शाबूत निघालीं. ले-शाफ्टचीं बेअरिंगें व मागचें सील एवढेंच बदललें.

राहिलें तें जळकें तेल. कोणी तें गटारांत ओततात, कोणी वाळवीसाठीं लांकडांना फांसतात, दोन्ही वाईट. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें. आमचें आम्हीं झांकणाच्या डब्यांत भरून त्याच मिस्त्रीकडे दिलें. त्याच्याकडून तें पुन्हां शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा माणूस घेऊन जातो.